पी कुठं, एस कुठं

मॅडमनी स्क्रीनवर एक भूकंपलेख उघडला, माऊस माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "पी दाखव." मी बिनदिक्कत सगळ्यांत उंच सुळक्यावर क्लिक केलं. त्या काही बोलल्या नाहीत. चित्र मोठं करत करत डावीकडे नेलं, रेघ जवळजवळ सपाट होती तिथपर्यंत, आणि एका बारीक वळणावर बोट ठेवलं. "हा पी. तू क्लिक केलंस तिथं पोचेपर्यंत एससुद्धा येऊन गेलाय."

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी कोयनेचे छोटे भूकंप घेतले होते. छोटे म्हणजे दीड ते तीन रिश्टरचे, वर्तमानपत्रात कोपऱ्यातही न येणारे. सव्वातीनशे भूकंप, प्रत्येकाच्या आठ-नऊ स्टेशनांवरच्या नोंदी, आणि प्रत्येक नोंदीवर दोन खुणा करायच्या: पहिली लहर पोचली तो क्षण म्हणजे पी, दुसरी पोचली तो एस. या कामाला आमच्याकडे सगळे 'पिकिंग' म्हणतात. हिशेब केला तर पाच-साडेपाच हजार क्लिक होत होते. पंधरा दिवसांत उरकेल असं मला वाटलं होतं. लागले चार महिने, आणि त्यातले पहिले तीन आठवडे तर क्लिक नीट नोंदवणारं साधन तयार करण्यातच गेले.

प्रयोगशाळेत एक जुनं सॉफ्टवेअर होतं, पण ते एकाच कॉम्प्युटरवर चालायचं आणि त्यावर पीएचडीवाल्यांचा कब्जा असायचा. म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आपलंच काहीतरी लिहू, असं ठरवलं. नोंदी वाचायला ऑब्सपाय होतं, आलेख काढायला मॅटप्लॉटलिब, आणि त्यात 'जीइनपुट' नावाची तयार सोय सापडली. आलेखावर डावं बटण दाबलं की बिंदू घेतला जातो, उजवं दाबलं की काढला जातो, एंटर मारला की संपलं. पहिल्या दिवशी मला हे इतकं आवडलं की होस्टेलवर जाऊन रूममेटला दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून कुरबुर सुरू झाली. जीइनपुटला वेळ सांगितली नाही तर तीस सेकंद वाट बघून ते आपलं दुकान बंद करतं. मी नोंद मोठी करून बघतेय, विचार करतेय, क्लिक करते, तर काहीच नाही. उजवं बटण बिंदू काढतं हे खरं, पण माऊसखालचा नाही, शेवटी घेतलेला काढतं. पहिल्या स्टेशनचा पी चुकला हे चौथ्या स्टेशनवर लक्षात आलं की मधले सगळे पुसत मागे जायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे झूम करण्यासाठी माऊस दाबला तरी तोही क्लिक म्हणून धरला जायचा. मला हे कळलंच नव्हतं. एका भूकंपात एस आधी आणि पी नंतर आलेला दिसला तेव्हा ट्यूब पेटली. पी म्हणून झूमच्या चौकटीचा कोपरा नोंदला गेला होता, पी म्हणून केलेला क्लिक पुढं एसच्या खात्यात गेला होता. तोवर तीस-एक भूकंप झाले होते. सगळे टाकून दिले.

मग जीइनपुट सोडलं आणि बटण दाबल्याची घटना स्वतःच पकडायची असं ठरवलं. एक क्लास, म्हणजे कोडचा एक साचा, लिहिला, त्यात क्लिक झाल्यावर काय करायचं ते लिहिलं, जोडणी केली. चालवलं. आलेख सुंदर दिसला. क्लिक केलं, तर ढिम्म. चूक दाखवणारी ओळ नाही, काही नाही. अर्धा दिवस मी माऊस बदलून पाहिला, विंडो बदलून पाहिली, देवाचं नाव घेऊन पाहिलं. कारण निघालं ते असं की मॅटप्लॉटलिब आपल्या फंक्शनला घट्ट धरून ठेवत नाही. त्या साच्यातून मी तयार केलेली वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, कुठल्याच नावात साठवलेली नव्हती, त्यामुळे पायथननं ती निरुपयोगी समजून झाडून टाकली होती. आलेख समोर होता, पण क्लिक ऐकायला मागे कुणीच उरलं नव्हतं. ती वस्तू एका नावात ठेवली, एवढाच उपाय. नवीन लिहिणाऱ्या कुणालाही मी आता पहिलं हेच विचारते, की बाई, तुझं ते ऑब्जेक्ट कुठं ठेवलंयस?

शेवटी जे टिकलं त्यात माऊसकडे फक्त जागा दाखवण्याचं काम ठेवलं आणि नाव देण्याचं काम कीबोर्डकडे दिलं. कर्सर जिथं आहे तिथं पीचं बटण दाबलं की लाल रेघ, एसचं दाबलं की निळी. पुन्हा दाबलं की जुनी रेघ जाऊन नवी. झूमचं हत्यार हातात असेल तर सगळं दुर्लक्षित. नंतर कळलं की जुन्या सॉफ्टवेअरमध्येही कित्येक वर्षांपासून अशीच पद्धत आहे. म्हणजे तीन आठवडे घालवून मी लोकांनी आधीच करून ठेवलेल्या जागी येऊन पोचले.

आता खरं काम. आमच्या नोंदींमध्ये सेकंदाला शंभर आकडे असायचे. साठ सेकंदांची नोंद बाराशे पिक्सेलच्या रुंदीत बसवली की एका पिक्सेलमध्ये पाच आकडे, म्हणजे शतांश पाच सेकंद. पी लहर खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर पळते. झूम न करता केलेल्या क्लिकमध्ये हात एक पिक्सेल हलला तर तीनशे मीटरचा फरक पडला. हे मी वहीत लिहून भिंतीला चिकटवलं. पण जास्त झूम करण्यातही अर्थ नव्हता. अर्ध्या सेकंदाचा तुकडा स्क्रीनभर पसरला की रेघ कुठं वळली तेच कळेनासं होतं, सगळंच एक निवांत चढण दिसतं. दोन सेकंदांची खिडकी माझ्या डोळ्याला बसली. बाजूच्या टेबलावरचा मुलगा तीन सेकंद म्हणायचा. आम्ही यावर चहा पिताना वाद घातलेत.

गोंगाटातून पी दिसत नसला की आम्ही नको ती थरथर गाळणारा फिल्टर लावायचो. मी वापरत होते तो फिल्टर नोंदीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरायचा, म्हणजे लहर सरकू नये म्हणून. ती सरकत नाही हे खरं, पण थोडी दोन्ही बाजूंना सांडते. पीच्या आधी, जिथं जमीन अजून शांत होती तिथं, एक छोटीशी लाट उगवते. मी मोठ्या हुशारीनं त्या लाटेच्या पायथ्याशी खूण करत होते. पन्नासेक भूकंपांवर पी शतांश तीन-चार सेकंद लवकर. मॅडमनी एक नोंद फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय एकावर एक ठेवली आणि म्हणाल्या, "हलायच्या आधी हललं, असं झालंय तुझं." त्यांचा नियम साधा होता: फिल्टर लावून शोधायचं, फिल्टर काढून क्लिक करायचं. आणि कच्च्या नोंदीत दिसतच नसेल तर खूण करायचीच नाही. हे शेवटचं मला जड गेलं. रिकामी जागा बघवत नाही माणसाला.

एसची गोष्ट वेगळी. पी शांततेतून उगवतो, एस पीच्या शेपटावर येतो. उभ्या हालचालीच्या नोंदीवर शोधलं तर फसगत ठरलेली, म्हणून आडव्या हालचालीच्या दोन्ही नोंदी उघडायच्या. कोयनेच्या भागात वर साधारण किलोमीटरभर जाडीचा बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइट. अशा सीमेवर लहर रूप बदलते आणि उभ्या नोंदीवर खऱ्या एसच्या जरा आधी एक तोतया हजर होतो. पहिल्या महिन्यात मी कितीतरी तोतयांना निळी रेघ दिली.

प्रत्येक खुणेला खात्रीचा आकडाही द्यावा लागतो. शून्य म्हणजे पक्की, मग एक, दोन, तीन, आणि चार म्हणजे जागा शोधताना ही खूण धरूच नका. हो, उलटं आहे, जुन्या प्रोग्रॅमपासून चालत आलेलं. मी सगळीकडे शून्य देत सुटले होते. मॅडमनी त्यावर काही सुनावलं नाही. त्यांनी माझ्या पन्नास नोंदी नाव-तारीख झाकून परत माझ्याच पुढ्यात ठेवल्या आणि नव्यानं खुणा करायला सांगितल्या. पी जुळले, एक-दोन आकड्यांच्या फरकानं. एसमध्ये मात्र मीच माझ्याशी दशांश सेकंदापर्यंत भांडत होते, एका ठिकाणी तर दशांश दोन. आणि दोन्ही वेळा खात्री शून्य नंबरची! त्या दिवशी संध्याकाळी बसून साडेचारशे शून्यांचे एक-दोन-तीन केले.

वादातीच्या आलेखाबद्दल लिहायचं म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं, आणि इतक्या उशिरा त्याच्याकडे येतेय. कियो वादाती या जपानी भूकंपशास्त्रज्ञाची ही युक्ती. एका भूकंपासाठी आडव्या अक्षावर प्रत्येक स्टेशनची पी पोचल्याची वेळ घ्यायची, उभ्या अक्षावर एस आणि पीमधलं वेळेचं अंतर. स्टेशन जितकं लांब तितका पी उशिरा आणि अंतरही जास्त, त्यामुळे सगळे बिंदू एका तिरक्या रेघेवर येतात. रेघेचा चढ ०.७३च्या आसपास येतो, कारण पीचा वेग एसच्या साधारण १.७३ पट असतो. रेघ खाली आडव्या अक्षाला टेकते ती भूकंप झाल्याची वेळ. भूकंप कुठं झाला हे माहीत नसताना कधी झाला हे कळतं. मला अजूनही याचं नवल वाटतं.

माझ्या साधनात मी या आलेखावरचा बिंदू क्लिक केला की त्या स्टेशनची नोंद उघडेल अशी सोय केली. रेघेबाहेरचा बिंदू दिसला की दाबायचा आणि मूळ नोंदीवर जाऊन बघायचं. त्यातही एक गंमत झाली. सर्वांत जवळचा बिंदू शोधताना मी अंतर सेकंदांत मोजत होते. आलेख मात्र रुंद आणि बुटका होता: आडवे सहा सेकंद, उभे चार, पण जागा आडवीला दुप्पटीहून जास्त. त्यामुळे डोळ्याला जो जवळचा तो हिशेबाला जवळचा नव्हता. मी एकावर टिचकी मारायची आणि भलतंच स्टेशन उघडायचं. अंतर पिक्सेलमध्ये मोजायला लावलं तेव्हा सुधारलं. माणूस पडद्यावर बघून क्लिक करतो, सेकंदांत बघून नाही, हे मला सुचायला दोन दिवस लागले.

मग हळूहळू बिंदू कुठल्या दिशेला घसरलाय यावरून चूक ओळखता यायला लागली. एस चुकला तर बिंदू सरळ वर किंवा खाली जातो. पी चुकला तर तिरका, कारण पी उशिरा धरला की आडवी वेळ वाढते आणि अंतर तेवढंच कमी होतं. आणि बिंदू नुसताच आडवा सरकला असेल तर खुणा दोन्ही बरोबर असतात, स्टेशनचं घड्याळ चुकलेलं असतं. एक स्टेशन असंच होतं. ऑगस्टपासून त्याचे बिंदू उजवीकडे, आणि दर आठवड्याला आणखी थोडे उजवीकडे. मी आधी त्याचे सगळे पी पुन्हा तपासले, स्वतःला दोष दिला. शेवटी दुरुस्तीला जाणाऱ्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "तिथं वानरांनी जीपीएसची वायर तोडलीय. सांगितलं नाय का कुणी?" आभाळातून वेळ मिळेना म्हणून ते घड्याळ आपल्या मर्जीनं चाललं होतं. एस आणि पीमधलं अंतर तेवढं खरं होतं, कारण दोन्ही एकाच बिघडलेल्या घड्याळावर मोजलेले.

एकदा एका दिवसाच्या कामात सात-आठ बिंदू थेट शून्यावर आले. एस आणि पी एकाच क्षणी. हे मात्र माझ्या साडेतीनशे रुपयांच्या माऊसचं काम. पहिल्या आवृत्तीत पहिला क्लिक पी आणि दुसरा एस असं होतं, आणि बटणाची कळ झिजल्यामुळे एकदा दाबलं की दोनदा नोंदायचं. माऊस बदलला.

या सोयीनंच मला एक वाईट सवय लागली. बिंदू रेघेबाहेर दिसला, दाबला, नोंद उघडली, एस जरा डावीकडे घेतला, बिंदू रेघेवर आला. किती बरं वाटायचं! दोन आठवड्यांत माझे वादाती आलेख पट्टीनं आखल्यासारखे सरळ झाले. मी ते मॅडमना अभिमानानं दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोयनेचे खडक एवढे शिस्तीचे नाहीत गं." मग त्यांनी मला एक बदल करायला लावला: बिंदूवर क्लिक करून नोंद उघडली की आलेख झाकला जायचा, जुनी निळी रेघही दिसायची नाही, आणि नवी खूण एकदा दिली की त्या दिवशी परत हात लावता यायचा नाही. पहिल्यांदा राग आला. जे साधन मी नीट बघता यावं म्हणून केलं होतं त्याला झापडं बांधायची. पण तसं काम केल्यावर साठातले बावीस एस परत आपल्या मूळ जागी गेले, रेघेबाहेर. ते तिथंच राहिले. खात्री दोन नाहीतर तीन, पण जागा तीच.

सुरुंगांचंही सांगायला हवं. खाणीतले स्फोटही या नोंदींत येतात आणि घाईत भूकंपच वाटतात. सगळ्या स्टेशनांवर पहिली हालचाल वरच्या दिशेनं, एस लंगडा, आणि वेळ दुपारची. वेळेवरून ओळखणं सोपं असतं, पण नोंदी जागतिक वेळेत असतात आणि मी एकदा साडेपाच तास मिळवायचे विसरले. सकाळी साडेसातला सुरुंग कोण लावतंय, म्हणून आठ स्फोट भूकंपांत धरले. ते दुपारच्या एकचे होते.

दिवाळीत आजीकडे गेले. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठापासून फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३चा भूकंप झाला तेव्हा आजी नवी नवरी होती. धरणात पाणी साठायला लागून पाचेक वर्षं झाली होती. त्या रात्रीबद्दल ती कमीच बोलते. पण मी लॅपटॉप उघडून काम करत बसले तशी शेजारी येऊन बसली.

"ह्ये काय वाकडंतिकडं?"

"भूकंप आहे आज्जी. हा पी, हा एस."

"म्हंजी?"

मी समजावायला लागले की दोन लहरी निघतात, एक आधी पोचते. तिनं मला मधेच तोडलं. "आदी आवाज येतो, गाडी आल्यागत. मंग हालतं. त्येच का?"

"तेच."

"आन् आवाज नि हाल एकदम आलं की समजायचं, पायाखालीच हाय." तिनं जमिनीवर टाच आपटून दाखवली. "आवाज येऊन मधी जरा थांबलं, की तिकडं लांब, वारणंकडं."

मी तिला सांगितलं नाही की एस आणि पीमधल्या एका सेकंदाला साधारण आठ किलोमीटर असा ढोबळ हिशेब आम्ही करतो. सांगून काय करायचं होतं? इथले बहुतेक भूकंप दहा किलोमीटरच्या आत खोल असतात, आणि धरणाच्या दक्षिणेला वारणेपर्यंतच्या वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात होतात. आवाज आणि हालण्यातल्या सेकंदांवरून भूकंप तिच्या उंबऱ्यापासून किती लांब, हे तिला न शिकता ठाऊक होतं.

पाडव्याच्या रात्री खरंच एक झाला. मी हलल्यावर जागी झाले, भांड्यांचा आवाज थांबता थांबता. आजी अंथरुणावर बसलेली होती. "आवाज आला तवाच उठले," ती म्हणाली. "जवळचा हाय. पर पायाखालचा न्हाय." आणि परत आडवी झाली.

प्रयोगशाळेत परतल्यावर ती नोंद मी सगळ्यांत आधी उघडली. गावाला जवळच्या स्टेशनवर पी स्वच्छ होता, सपाट रेघेतून टोकदार उठलेला. खात्री शून्य. एसवर मात्र अडले. एका आडव्या नोंदीवर एक जागा, दुसऱ्यावर शतांश सहा सेकंद पुढं. झापडं लावलेली होती, आलेख दिसत नव्हता. दोनदा कर्सर नेला, दोनदा मागं घेतला. मग पुढची जागा धरून बटण दाबलं आणि खात्री दोन दिली. अंतर आलं १.३ सेकंद, म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या आसपास.

मॅडमनी माझं न बघता तीच नोंद स्वतः पिक केली. त्यांचा एस माझ्यापेक्षा चार आकडे आधी होता. त्यांनीही खात्री दोनच दिली होती.